फुलाचा पत्ता

(१९७८ साली दहावी झालेल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘ज्येष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञ’ असं छापलंय. संयोजकांच्या प्रेमाबद्दल आभार, पण ते खरं नाही. मी देहरादूनला एका हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, तेहतीस वर्षं नोकरी केली. लोक डोंगरदऱ्यांतून झाडांच्या फांद्या आणायचे. त्या वाळवून जाड कागदावर चिकटवायच्या, सोबतची चिठ्ठी वाचायची, रजिस्टरात चढवायची आणि कपाटात जागच्या जागी ठेवायची, हे माझं काम. शास्त्रज्ञ यायचे, बघायचे, लिहून घ्यायचे, जायचे. मी किल्ल्या सांभाळणारी.

हे आधीच सांगितलं, कारण माझ्यावर चुकीची चिठ्ठी लागलेली मला चालत नाही. चिठ्ठी चुकीची लागली की काय होतं, तेच आज सांगायचं आहे. आणि नववीत बाईंनी माझ्या वहीत पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. बाई समोर बसल्या आहेत, म्हणजे आज सुटका नाही.

मी एकाच झाडाबद्दल बोलणार आहे. हनीसकल. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या बंगल्यात असेल. पांढरी, लांब नळीची, वासाची फुलं, जी नंतर पिवळी पडतात. त्याला कुणी मधुमालती म्हणू नका, आपल्याकडची लाल-गुलाबी झुबक्यांची मधुमालती वेगळी, तिचं कुळही वेगळं. बागेतली हनीसकल बहुतेक वेळा जपानी जात असते. पण हिमालयात हिच्या रानटी बहिणी पुष्कळ आहेत. शास्त्रीय नाव ‘लोनिसेरा’. सोळाव्या शतकातल्या अ‍ॅडम लोनिसर या जर्मन वैद्य-वनस्पतितज्ज्ञाच्या नावावरून ते आलं.

त्यातली एक जात माझ्या नोकरीभर माझ्या मागे लागली. तिचं नाव ‘लोनिसेरा क्विनक्वेलोक्युलॅरिस’. घाबरू नका, परीक्षा नाही. अर्थ एवढाच, की पाच कप्प्यांची. गढवालात तिला भटकुकरा म्हणतात. वेल नाही, झुडूप आहे, पुरुषभर उंचीचं, कधी त्याहून मोठं. पानं समोरासमोर, खालून मऊ लवेची. फुलं पानाच्या बगलेत जोडीनं येतात, आधी दुधाळ, मग पिवळी. आणि फळं बघण्यासारखी असतात: मण्याएवढी, पांढुरकी, काचेसारखी, आतल्या बिया बाहेरून अंधूक दिसतात. बांज नावाच्या ओकच्या रानात, उतारावर, गावांच्या कडेला ती सहज भेटते. मसुरीला उन्हाळ्यात गेलात तर रस्त्याच्या कडेला तुम्हीही पाहिली असेल, फक्त नाव माहीत नसेल.

आता हर्बेरियममध्ये हिची फांदी कशी येते ते सांगते. रानात फांदी खुडायची, वर्तमानपत्रात पसरून दोन फळ्यांच्या प्रेसमध्ये आवळायची, रोज कागद बदलत वाळवायची. मग किडीपासून जपायला औषध लावायचं. जुन्या काळी त्यासाठी पारा असलेलं विषारी द्रावण वापरत. मग बेचाळीस सेंटिमीटर लांब, अठ्ठावीस रुंद कागदावर ती चिकटवायची. उजव्या बाजूला खाली चिठ्ठी. तीवर झाडाचं नाव, ठिकाण, उंची, तारीख, कुणी आणलं, त्याचा क्रमांक. फुलाचा रंगही लिहायचा, कारण वाळल्यावर सगळंच तपकिरी होतं. दुधाळ आणि पिवळं फूल एकाच फांदीवर होतं, हे चिठ्ठीत नसेल तर कुणाला कळणार?

ही जात पहिल्यांदा शास्त्राच्या पुस्तकात आणली ती टॉमस हार्डविक या माणसानं. पेशानं वनस्पतितज्ज्ञ नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफखान्यातला कॅप्टन. १७९६ साली तो फतेहगडहून निघाला आणि आधी हरिद्वारला पोहोचला. तिथे कुंभमेळा भरला होता. त्यानं मेळ्याचं वर्णन लिहून ठेवलंय. इथे आपला संबंध येतो. त्या वेळी तो मुलूख मराठ्यांच्या अंमलाखाली होता. हार्डविकनं नोंद केली आहे, की मेळ्याची सगळी व्यवस्था गोसाव्यांच्या हातात होती, कर तेच वसूल करत आणि मराठ्यांच्या खजिन्यात त्यातलं काही पोचत नसे. देहरादूनमध्ये हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले होते. परमुलखात आपली आठवण निघाली, ती अशी!

हरिद्वारहून तो नजीबाबाद, कोटद्वारच्या बाजूनं डोंगर चढून श्रीनगरला गेला. वाटेत रोजचं टिपण ठेवलं. आज किती मैल चाललो, रस्ता कसा होता, कुठे मुक्काम केला, काय उगवलेलं दिसलं. हे प्रवासवर्णन १७९९ साली कलकत्त्याला ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात छापलं गेलं. शेवटी वाटेत दिसलेल्या वनस्पतींची यादी आहे. त्या यादीत आपली भटकुकरा आहे, आणि तिचं शास्त्रीय नाव अजूनही हार्डविकच्याच नावानं दिलं जातं.

माझी नोकरीतली मोठी चूक इथेच झाली.

नोकरीला लागून काही वर्षं झाली होती. या जातीचा नकाशा करायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या-नव्या चिठ्ठ्या काढायच्या आणि जिथून झाड आणलं तिथे ठिपका द्यायचा. मी हौसेनं सर्वांत जुना ठिपका आधी दिला. हार्डविक, १७९६, श्रीनगर. ठिपका दिला काश्मीरमध्ये.

आमच्याकडे एक वरिष्ठ होते, गढवालचेच. सगळे त्यांना पंडितजी म्हणायचे. त्यांनी नकाशा पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, “बेटी, कप्तान साहब कश्मीर कब गए थे?”

मला कळेचना. मग त्यांनी समजावलं. १७९६ साली काश्मीर अफगाणांच्या ताब्यात होतं, कंपनीचा अधिकारी तिथे सहज फिरायला जाईल असा तो काळ नव्हता. हे श्रीनगर गढवालचं, अलकनंदेच्या काठचं, गढवालच्या राजांची राजधानी. तेव्हा गादीवर प्रद्युम्न शाह होते. दोन श्रीनगरांमध्ये सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरचं अंतर आहे. आणि गंमत म्हणजे ही जात काश्मीरमध्येही उगवते. त्यामुळे माझी चूक पाहून कुणालाच खटकलं नसतं. झाड नसतं तिथे ठिपका दिला असता तर कुणीतरी बोट ठेवलं असतं. खरी वाटणारी चूक तशीच पुढे जाते, एका पुस्तकातून दुसऱ्यात.

पंडितजी पुढे म्हणाले, “आणि ते श्रीनगरही आता नाही.” ते खरंच होतं. १८९३ साली वर बिरही नदीत डोंगर कोसळून गोहना इथे पाणी अडलं, मोठं तळं झालं. १८९४ च्या ऑगस्टमध्ये बांध फुटला आणि पुरानं जुनं श्रीनगर धुऊन नेलं. आजचं श्रीनगर नंतर वरच्या बाजूला वसवलेलं. म्हणजे हार्डविकनं ज्या गल्ल्या पाहिल्या त्या नाहीत, पण त्या डोंगरावर भटकुकरा मात्र अजून फुलते.

मला वाचवलं कुणी? पंडितजींनी तर वाचवलंच. पण मूळ आधार हार्डविकच्या त्या रोजच्या टिपणाचा. आधी हरिद्वार, मग नजीबाबाद, मग घाट, असा मार्ग लिहून ठेवला होता, म्हणून दोनशे वर्षांनी कुणीतरी म्हणू शकलं की हे श्रीनगर ते नव्हे. नुसतं ‘श्रीनगर’ एवढंच लिहिलं असतं तर माझा ठिपका काश्मीरमध्येच राहिला असता.

तो नकाशा मी पुरा केला. पुढची वर्षं त्यात भर पडत गेली. आज त्या जातीचा पसारा असा दिसतो: पश्चिमेला अफगाणिस्तान, मग पाकिस्तानातले मरीचे डोंगर, काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, नेपाळ, भूतान आणि थेट ब्रह्मदेश, आग्नेय तिबेट, चीनचे युनान आणि सिचुआन प्रांत. उंची साधारण हजार ते तीन हजार मीटर. महाराष्ट्रात एकही ठिपका नाही. हनीसकलची दुसरी एक रानटी जात आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, नीलगिरीत भेटते. तिला लेशनो या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाचं नाव आहे. पाँडिचेरीहून तो त्या डोंगरांत गेला होता.

नकाशाकडे रोज बघता बघता मला एक गोष्ट दिसायला लागली. ठिपके सगळीकडे सारखे नव्हते. मसुरी, सिमला, चक्राता, नैनीताल अशा गावांभोवती गर्दी, आणि मधे मोठमोठे मोकळे पट्टे. मला आधी वाटायचं, तिथे झाड नसेल. नंतर कळलं, तिथे बंगला नव्हता. सहारनपूरच्या सरकारी बागेचा प्रमुख डॉक्टर रॉयल, नंतर त्याच बागेवर आलेला डथी, १८४६ ते १८४९ मध्ये कुमाऊँ-गढवाल आणि तिबेटच्या सीमेपर्यंत हिंडलेले स्ट्रॅची आणि विंटरबॉटम, १९२७ साली कुमाऊँच्या जंगलांवर ग्रंथ लिहिणारा वनाधिकारी ऑस्मास्टन. ही माणसं जिथून चालली, जिथे मुक्कामाला उतरली, तिथे ठिपके पडले. झाड कुठे आहे हे नकाशा सांगतो, पण त्याआधी माणूस कुठे पोचला हे सांगतो.

आणि तेही पूर्ण सांगत नाही. साहेब घोड्यावर असायचा. कड्यावर चढून फांदी खुडणारा, रात्री शेकोटीपाशी ओले कागद बदलणारा, पाठीवरून गठ्ठे उतरवणारा पहाडी माणूस पुष्कळदा चिठ्ठीवर नसतोच. ते बघताना मला माझे वडील आठवायचे. तुमच्यापैकी काहींना माहीत असेल, ते इथे वाईत हळदीच्या वखारीत हमाल होते. त्यांनी आयुष्यभर उचललेल्या पोत्यांवर व्यापाऱ्याचं नाव होतं.

आता नववीची गोष्ट.

बाईंनी आपल्याला वीस वनस्पतींचा संग्रह करायला सांगितला होता. आठवतंय का? त्यासाठी फेब्रुवारीत महाबळेश्वरची सहलही काढली होती. वर्गणी होती बावीस रुपये. मी वर्गात सांगितलं की मला ताप आलाय. ताप नव्हता. बावीस रुपये नव्हते. एस.टी. चौकातून वळेपर्यंत मी कोपऱ्यावर उभी राहून तुमची गाणी ऐकत होते. तुम्ही संध्याकाळी चणे घेऊन आलात, मधाच्या बाटल्या आणल्यात, आणि प्रत्येकाच्या वहीत लिंगमळ्याची पानं.

माझ्या वहीत कृष्णेच्या घाटावरचा आघाडा, बांधावरचा टाकळा, रुई, दगडीपाला असं सगळं होतं. सगळं फुकटचं आणि सगळं खरं. पण मला त्याची लाज वाटली. मग डॉक्टरांच्या बंगल्याच्या भिंतीवरून बाहेर लोंबणारी एक फांदी मी संध्याकाळी तोडली. तिचं फूल चोखलं, गोड लागलं. फांदी वहीत चिकटवली आणि खाली सुंदर अक्षरात लिहिलं: ‘रानटी वेल. ठिकाण : महाबळेश्वर, लिंगमळा.’

तीच हनीसकल. बागेतली, जपानी.

बाईंनी वह्या तपासल्या. मला दहापैकी नऊ दिले. त्या पानावर ठिकाणासमोर पेन्सिलीनं बारीकसं प्रश्नचिन्ह. मधल्या सुट्टीत मला थांबवून विचारलं, “ही तिथे कुठे दिसली गं तुला?” मी म्हणाले, “धबधब्याच्या वाटेवर.” बाईंनी हजेरीपट पाहिला असेल, मी सहलीला नव्हते हे त्यांना माहीत होतंच. तरी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “झाडाचं नाव चुकलं तर पुढे कुणीही जाणता माणूस ते बघून दुरुस्त करील. पण ते कुठून आणलं, हे तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. तेवढं तरी खरं लिहावं.”

मी मान खाली घातली आणि ‘धबधब्याच्या वाटेवरच’ असं पुन्हा म्हणाले.

बाई, तुम्हाला हा प्रसंग आठवत असेल की नाही, मला माहीत नाही. तुमच्या हाताखालून हजारो वह्या गेल्या. पण देहरादूनला पहिल्या आठवड्यात मला जे शिकवलं, ते तुम्ही मधल्या सुट्टीत शिकवलेलंच होतं. कपाटातल्या फांदीचं नाव शंभर वर्षांत चार वेळा बदलतं. नवा अभ्यासक येतो, भिंगातून बघतो, जुनं नाव चुकीचं ठरवतो. त्याला फांदी पुरते. पण ठिकाण फांदीत नसतं. ते आणणाऱ्याच्या डोक्यात असतं आणि त्यानं लिहिलं तरच उरतं. ठिकाण खोटं निघालं की अख्खी फांदी संशयित होते. मग तिच्या चिठ्ठीवर आम्ही काय करायचो माहीत आहे? पेन्सिलीनं बारीकसं प्रश्नचिन्ह.

पहिल्यांदा ते काढताना माझा हात थरथरला होता.

आज या जुन्या चिठ्ठ्यांना पूर्वी कधी नव्हतं एवढं महत्त्व आलंय. एखादं झाड शंभर वर्षांपूर्वी किती उंचीवर होतं, कोणत्या महिन्यात फुलत होतं, आणि आता हवा तापल्यावर ते वर सरकलंय का, लवकर फुलतंय का, हे बघायला अभ्यासक चिठ्ठ्याच काढतात. तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्याला हे काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं आपलं फक्त खरं लिहून ठेवलं.

हर्बेरियममध्ये दुरुस्तीची एक रीत आहे. जुनी चिठ्ठी कितीही चुकीची असो, ती फाडायची नाही, खोडायची नाही. तिच्या शेजारी नवी छोटी चिठ्ठी चिकटवायची. तीवर दुरुस्ती, खाली आपली सही आणि तारीख. पुढच्या माणसाला दोन्ही दिसल्या पाहिजेत, चूक कुणी केली आणि सुधारली कुणी.

आई गेल्यावर घर आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेत माझी ती वही सापडली. आईनं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. बरीच पानं वाळवीनं खाल्लीत. हनीसकलचं पान शाबूत आहे. फूल तपकिरी झालंय. प्रश्नचिन्ह दिसतंय.

या मेळाव्याला निघण्याआधी मी त्या पानावर चिठ्ठी लावली. वाचून दाखवते.

‘दुरुस्ती. वनस्पती : लोनिसेरा जॅपोनिका, बागेतील. रानटी नव्हे. ठिकाण : वाई, डॉक्टरांच्या बंगल्याची रस्त्याकडची भिंत. महाबळेश्वर नव्हे, संग्राहक त्या सहलीला गेलेली नव्हती, कारण वर्गणीचे पैसे नव्हते. फूल ताजे असताना पांढरे, गोड.’ खाली माझी सही आणि आजची तारीख.

हे वाचायला मला पंचेचाळीस वर्षं लागली. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणीही त्या दिवशी माझी चेष्टा केली नसती, हे मला आज कळतं. उलट कुणीतरी बावीस रुपये भरले असते. पण चौदाव्या वर्षी ते कळत नाही. आपण कुठून आलो तेच लपवावंसं वाटतं. मग माणूस लिंगमळा लिहितो. घाटावरच्या आघाड्याची लाज वाटण्यासारखं काहीच नव्हतं. त्या वहीत आज मोलाचं काही असेल तर ती तीच पानं आहेत. त्यातला एक बांध आता प्लॉटिंगमध्ये गेला, तिथे १९७७ साली काय उगवत होतं, याचा तेवढाच लेखी पुरावा आहे.

वही मी शाळेच्या वाचनालयाला देणार आहे. मुख्याध्यापकांनी होकार दिलाय. मुलांना दाखवा. नऊ गुणांसाठी नको, चिठ्ठीसाठी दाखवा.

आणि बाई, ते प्रश्नचिन्ह तसंच राहू द्या. आमच्याकडे ते खोडत नाहीत. तुम्ही त्या दिवशी वर्गासमोर माझं खोटं उघडं केलं नाहीत, पण खरंही मानलं नाहीत. मला खरं लिहायला जागा ठेवलीत. ती जागा भरायला उशीर झाला, त्याबद्दल क्षमा करा.